भात सोडायचा की चालायला लागायचं?

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते. आठवडाभरात काटा दोन किलो खाली येतो आणि हुरूप वाढतो. पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असतं.

भात-भाकरीतल्या पिष्टाची शरीरात साखर होते. गरजेपेक्षा जास्त साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते: यकृतात सुमारे 100 ग्रॅम, स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पिष्ट खाणं बंद केलं की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. पुन्हा भात-भाकरी खायला लागलात की दोन्ही परत येतात.

हे कोठार रिकामं करण्याचा खरा मार्ग म्हणजे हालचाल. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली मोलाची.

मात्र नुसत्या चालण्यावर विसंबू नका. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 130 कॅलरी असतात. तेवढ्या खर्चायला अर्धा तास झपझप चालावं लागतं. तेव्हा बैठं काम असेल त्या दिवशी भात निम्मा घ्या, उसळ-भाजी वाढवा. मेहनतीच्या दिवशी पोटभर जेवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

भात आपला शत्रू नाही. ताटाचा आणि पायांचा हिशेब जुळला पाहिजे, एवढंच.