स्वरलेखन आज्ञावलींच्या अंतर्गत मर्यादा

स्वरलेखन आज्ञावली म्हणजे संगीतरचना स्वरलिपीत लिहिण्यासाठी, छापण्यासाठी व संगणकावर ऐकण्यासाठी वापरली जाणारी संगणकीय आज्ञावली होय. फिनाले (१९८८), सिबेलियस (१९९३), म्यूझस्कोअर, लिलिपाँड आणि डोरिको (२०१६) या त्यांपैकी प्रसिद्ध आज्ञावली आहेत. पडद्यावरचा कागद हवा तितका वाढवता येतो, असा वापरणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात काळ, स्वर आणि पान या गोष्टी आज्ञावलीच्या आत ठराविक आकाराच्या संख्यांत साठवलेल्या असतात. दोन पानांच्या बंदिशीत या संख्यांची सीमा जाणवत नाही. दीर्घ रचनेत किंवा शेकडो बंदिशींच्या संग्रहात ती जाणवू लागते.

काळाचे तुकडे

बहुतेक आज्ञावली एका मात्रेचे ठराविक संख्येइतके समान अंश कल्पितात. सिबेलियसमध्ये पाश्चात्त्य चतुर्थांश स्वराचे २५६, म्यूझस्कोअरमध्ये ४८०, तर फिनालेमध्ये १०२४ अंश धरलेले आहेत. २५६ व १०२४ यांना ३ ने भाग जात नाही. ४८० ला ३ व ५ ने जातो, पण ७ ने जात नाही. हिंदुस्थानी संगीतात हा प्रश्न नेहमीचा आहे, कारण तिस्र, खंड आणि मिश्र जातींत एका मात्रेचे अनुक्रमे तीन, पाच व सात भाग पडतात. ४८० अंशांचे सात भाग केल्यास प्रत्येकी ६८ अंश येऊन ४ उरतात. आज्ञावलीने हे ४ अंश प्रत्येक मात्रेला सोडून दिले, तर १२० मात्रांत, म्हणजे त्रितालाच्या साडेसात आवर्तनांत, पूर्ण एक मात्रा गळते आणि समेवर येणारा बोल सम चुकवतो. चांगल्या आज्ञावली तुकड्यांची बेरीज करीत बसत नाहीत; प्रत्येक स्वराचे स्थान त्या मात्रेच्या आरंभापासून नव्याने काढतात. लिलिपाँड तर काळ अपूर्णांकातच साठवते, त्यामुळे तेथे ही गळती मुळातच होत नाही. मात्रेचे १६८० अंश धरले, तर ३, ५, ७ आणि १६ या चारही संख्यांनी निःशेष भाग जातो.

रचना फार लांबली म्हणून संख्याच संपते काय, हा स्वाभाविक प्रश्न आहे. चिन्हासहित १६ बिटांच्या संख्येची कमाल मर्यादा ३२,७६७ असते; ४८० अंशांच्या हिशेबाने ती अडुसष्ट मात्रांतच संपते. ३२ बिटांच्या संख्येत मात्र सुमारे ४४ लाख ७३ हजार मात्रा मावतात. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत त्या वाजवायला एक्कावन्न दिवसांहून अधिक काळ लागेल. म्हणून आजच्या आज्ञावली मोठ्या रचनेत अडखळतात त्या बहुधा मात्रांच्या मोजणीमुळे नव्हे. मध्येच एक आवर्तन घातले की पुढील ओळी व पाने नव्याने मांडावी लागतात, आणि प्रत्येक बदलाला हा खर्च पडतो. शिवाय ३२ बिटांच्या आज्ञावलींना स्मृतीचा पल्लाच चार गिगाबाइटांपलीकडे नव्हता. सिबेलियस २०११ मध्ये व फिनाले २०१६ मध्ये ६४ बिटांची झाली.

स्वर आणि मार्गिका

संगणकीय वादनासाठी वापरला जाणारा मिडी हा संकेत १९८३ मधील आहे. त्यात १६ मार्गिका व १२८ स्वरक्रमांक असून सप्तकाचे बाराच भाग मानलेले आहेत. तोडीतील अतिकोमल गंधार किंवा दरबारीतील आंदोलित गंधार हवा असल्यास स्वर वाकवण्याची आज्ञा द्यावी लागते. पण ती संपूर्ण मार्गिकेला लागू होते. एकाच मार्गिकेवर तानपुऱ्याची जोड असेल, तर गंधाराबरोबर षड्जही हलतो. म्हणून प्रत्येक स्वरपंक्तीला वेगळी मार्गिका द्यावी लागते आणि वाद्यवृंद वाढला की सोळा मार्गिका लवकर संपतात. २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीने ही अडचण बरीच दूर केली आहे.

भातखंडे लिपी

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग ज्या लिपीत छापले गेले, तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू असतो. मंद्रातील कोमल निषादाखाली रेघ व बिंदू दोन्ही येतात. खालचा बिंदू कोणी देवनागरी नुक्त्याने लिहितो, कोणी सामान्य अधोबिंदूने. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरे असतात. त्यामुळे मोठ्या संग्रहात एखादी स्वरावली शोधल्यास निम्म्या बंदिशी सापडतच नाहीत. कोणत्याही संग्रहाने पहिल्या दिवशीच एक चिन्ह ठरवून घेणे इष्ट.

पाश्चात्त्य पंचरेषेसाठी घडलेल्या आज्ञावलींत सम, खाली व विभाग यांना स्वतंत्र जागा नाही. त्यामुळे बरेच शिक्षक वर्ड या लेखन आज्ञावलीतील तक्त्यात बंदिश मांडतात. तेथेही मर्यादा आहे. वर्डच्या तक्त्यात जास्तीत जास्त ६३ स्तंभ असतात. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे प्रत्येकी चार भाग केल्यास ४८ स्तंभ होतात व ते बसतात. विलंबित त्रितालाला ६४ लागतात, आणि एका स्तंभासाठी आवर्तन दोन ओळींत तोडावे लागते.

पानाची लांबी

मराठवाड्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या वस्त्रावर त्यांनी पंचीकरण हा विषय लिहून व रेखाटून मांडला. अखंड पृष्ठाची ही लांबी ४८० इंच होते. पीडीएफ धारिकेच्या पानाची रूढ कमाल लांबी २०० इंच, म्हणजे सोळा फूट आठ इंच आहे. एककाचे माप बदलल्याशिवाय पासोडीएवढे पान तिच्यात मावत नाही. दासोपंतांच्या ‘पदार्णवा’त परंपरेनुसार सव्वा लाख पदे होती. प्रत्येक पदाच्या स्वरलेखनाला दोनच पाने धरली, तरी अडीच लाख पाने होतात. असे काम एका धारिकेत करू नये. प्रत्येक पदाची स्वतंत्र धारिका व त्यांची एक सूची हाच सुरक्षित मार्ग आहे.

धारिकांचे जतन

ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबवत असल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. छत्तीस वर्षांत तिच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेल्या धारिका इतर आज्ञावली थेट उघडू शकत नाहीत. त्या आधी म्यूझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात उतरवाव्या लागतात. या स्वरूपात मात्रेचे अंश रचनाकाराला ठरवता येतात, म्हणून सात भागांची अडचण राहत नाही. मात्र सम, खाली ही चिन्हे त्यात केवळ मजकूर म्हणून जातात आणि दुसऱ्या आज्ञावलीत उघडल्यावर जागा सोडू शकतात. अशा संग्रहाची छापील प्रत सोबत ठेवावी व रूपांतरानंतर प्रत्येक बंदिशीची सम तिच्यावरून ताडून पाहावी.