नांदुऱ्याची गल्ली कशावर टिकते?

महामार्गावरून जाणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यातला नांदुरा आठवतो तो हनुमानाच्या १०५ फुटी मूर्तीमुळे, आणि रेल्वेने जाणाऱ्याला मलकापूर-शेगावच्या मधले एक स्टेशन म्हणून. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली आणि त्याच्या कडेची गावे बाजारपेठा झाली. पण माणसे राहतात ती महामार्गावर नाही आणि स्टेशनातही नाही. ती राहतात गल्लीत. लहान गावातली पाचपन्नास घरांची गल्ली म्हटली की आपण लगेच आपुलकी, माया, शेजारधर्म यांच्या गोष्टी करू लागतो. हे गुण आपल्या रक्तातच आहेत, असेही समजून चालतो. मला हा समज घातक वाटतो. शेजार टिकतो तो घरांच्या मांडणीवर, रस्त्याच्या रुंदीवर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानावर. ही मांडणी मोडली की चांगली माणसेही एकमेकांना परकी होतात, आणि नांदुऱ्यासारख्या गावांच्या कडेला आज ती न कळत मोडली जात आहे.

जुन्या वस्तीतला ओटा पाहा. घराचा उंबरठा आणि रस्ता यांच्यामध्ये दोन-तीन हात रुंदीची ही जागा, धड घरातली नाही आणि धड रस्त्याचीही नाही. उन्हाळ्यात कुरड्या-पापडांवर लक्ष ठेवायला म्हातारी तिथेच बसते, आणि तेवढ्या वेळात गल्लीत कोण आले, कोणाचे पोर शाळेतून अजून परतले नाही, कोणाच्या घरी दोन दिवस दार उघडलेले नाही, हे तिला कळते. त्यासाठी तिला मुद्दाम काही करावे लागत नाही. नळ आल्याची बातमीही याच वाटेने पसरते. रोज पाणी न येणाऱ्या पश्चिम विदर्भातल्या गावांत या बातमीचे मोल काय, हे ज्याचा ड्रम रिकामा राहिला त्यालाच ठाऊक. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणारी भुलाबाई घ्या. मुली संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात, डब्यात हलवून दाखवलेला खाऊ ओळखतात. ही प्रथा चालायची तर घरे पायी दोन मिनिटांवर हवीत, दारे उघडी हवीत आणि अंधार पडल्यावर मुलींना एकटे पाठवताना आईला धास्ती वाटता कामा नये. या तिन्ही गोष्टी जिथे नाहीत तिथे भुलाबाई एखाद्या सभागृहातला कार्यक्रम होऊन बसते.

मांडणीला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दूरच्या एका शहराने फार मोठी किंमत मोजून दिले आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतली बरीच म्हातारी, एकटी राहणारी. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी २००२ च्या ‘हीट वेव्ह’ या पुस्तकात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. एकट्या आणि गरीब वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखेच. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूंचे प्रमाण लाखामागे ४० होते, दुसरीत अवघे ४. पहिल्या वस्तीत दुकाने बंद पडली होती, प्लॉट ओसाड होते, रस्त्यावर उतरायची भीती होती. म्हातारी माणसे दार लावून आत राहिली. दुसरीत रस्ता गजबजलेला होता, चार पावलांवर थंड दुकान होते, म्हणून ती बाहेर पडली. दुसऱ्या वस्तीत मेक्सिकन कुटुंबे जास्त, तेव्हा हा त्यांच्या कुटुंबवत्सल संस्कृतीचा महिमा, असे म्हणता आले असते. पण तिथे मागे उरलेले एकटे गोरे वृद्धही वाचले, याकडे क्लिननबर्ग लक्ष वेधतात. वाचवले ते रस्त्याने. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या आपल्या भागाने हे गंभीरपणे घ्यायला हवे.

खरा आणि जड आक्षेप वेगळाच आहे. ज्या ओट्यावरून काळजी घेतली जाते, त्याच ओट्यावरून पाळतही ठेवली जाते. मुलगी कोणाशी बोलली, सून किती वाजता परतली, घर कोणत्या जातीच्या माणसाला भाड्याने दिले, याचा हिशेब तिथेच लागतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी गावगाड्याला संकुचितपणाचे आगर ठरवले, ते लहान गावाच्या गल्लीलाही पुष्कळ अंशी लागू पडते. आपल्या वस्त्यांची नावे जातीवरून पडली होती आणि ती बदलण्याचा निर्णय राज्य सरकारला डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला, हे विसरून कौतुकाचे सूर लावणे अप्रामाणिक होईल. मात्र यावर उपाय म्हणून गल्ली मोडली तर जात जात नाही, ती कंपाउंडच्या आत शिरते. कोणाला प्लॉट विकायचा आणि कोणाला नाही, हे नव्या वस्तीतही बंद दाराआड ठरू शकते. जो रस्ता, जे मैदान, जो हातपंप सर्वांचा आहे, तिथे निदान एकमेकांच्या समोर यावेच लागते. म्हणून वस्ती मिश्र हवी आणि तिच्यातली जागा सर्वांची हवी. शेजाराची बाजू मी या अटीवरच घेतो.

जुन्या गल्ल्या अरुंद आहेत, अॅम्ब्युलन्स आत येत नाही, नाल्या तुंबतात, म्हणून लोक ले-आऊटमध्ये जातात. त्यांचे काही चुकत नाही. शेजारी आज व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटतात, हेही खरे. पण दोन दिवस बंद असलेले दार ग्रुपवर दिसत नाही. प्रश्न ले-आऊट कसे होते हा आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ही जागा कागदावर असते; जमिनीवर अनेक ठिकाणी तिथे काटेरी झुडपे, बांधकामाची रेती नाहीतर कोणाचे अतिक्रमण सापडते. चारही बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत, दारात ओट्याऐवजी गाडीचा उतार, आणि किराणा आणायलाही मोटारसायकल. मग लेकरे खेळायची कुठे आणि म्हातारी बसायची कुठे?

गल्लीचा आवाज कायद्यातही क्षीणच आहे. खेड्याला ग्रामसभा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना, आणि बुलढाणा जिल्ह्यातले एकही शहर त्या आकड्याच्या जवळपास नाही. नांदुऱ्याचा नागरिक खेडे सोडून नगरपरिषदेत आला, की समोरासमोर बसून हिशेब विचारण्याची ग्रामसभा गमावतो. पण नगरसेवकाने प्रभागातल्या लोकांना वर्षातून दोनदा ओपन स्पेसवरच बोलावून नाली, दिवे, पाणी यांचा हिशेब द्यायला कोणता कायदा आडवा येतो? लोकांनी तशी मागणी लावून धरावी. त्याआधी आपल्या ले-आऊटचा मंजूर नकाशा नगरपरिषदेतून मागून घ्यावा, तसा मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, आणि ओपन स्पेस त्यात कुठे दाखवली आहे ते जागेवर जाऊन पाहावे.