बिल्बाओचे महापौर : इन्याकी अस्कुना

उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशाचे बिल्बाओ हे सर्वांत मोठे शहर. लोखंडाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्या यांच्या बळावर ते भरभराटीस आले होते. १९८० नंतरच्या दशकात या उद्योगांना उतरती कळा लागली आणि सहस्रावधी कामगार बेकार झाले. त्यातच १९८३ च्या ऑगस्टमध्ये नेर्व्हिऑन नदीला महापूर येऊन शहराचा जुना भाग उद्ध्वस्त झाला.

या शहराच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय अनेकदा इन्याकी अस्कुना या एकाच व्यक्तीला दिले जाते. परंतु ते १९९९ मध्ये महापौर झाले तेव्हा भुयारी रेल्वे धावू लागून जवळपास चार वर्षे लोटली होती आणि गुगेनहाइम संग्रहालयही १९९७ मध्येच उघडले होते. नदीकाठच्या पडीक औद्योगिक जमिनींच्या पुनर्विकासासाठी केंद्रीय व स्थानिक शासनसंस्थांनी मिळून एक संयुक्त संस्था १९९२ मध्येच स्थापन केली होती. मग अस्कुना यांचे कार्य कोणते?

१९४३ मध्ये दुरांगो येथे जन्मलेले अस्कुना हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ होते. १९९१ ते १९९९ या काळात त्यांनी बास्क शासनाचे आरोग्यखाते सांभाळले. शहराकडेही ते वैद्याच्या दृष्टीने पाहत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उपचार आधीच सुरू झाला होता. तो अर्ध्यावर सोडू नये, हे त्यांनी जाणले. पूर्वीच्या योजना त्यांनी मोडल्या नाहीत, तर तडीस नेल्या. जुन्या गोदीच्या जागी उद्याने व इमारती उभ्या राहिल्या, २००२ मध्ये ट्राम धावू लागली आणि मद्याच्या एका जुन्या प्रचंड कोठारात २०१० मध्ये सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. हे सर्व करताना नगरपालिकेला कर्जमुक्त करण्याचा त्यांचा आग्रह होता.

स्पेनमध्ये महापौराची निवड नगरसेवक करतात. म्हणून बहुमताला मोठे महत्त्व असते. बास्क राष्ट्रवादी पक्षाचे अस्कुना चार वेळा निवडून आले. कर्करोगाने ग्रासलेले असूनही २०११ मध्ये त्यांनी निवडणूक लढविली आणि २९ पैकी १५ जागा जिंकून प्रथमच स्वबळावर बहुमत मिळविले. २०१२ चा जागतिक महापौर पुरस्कार त्यांना लाभला. २० मार्च २०१४ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

नवे काही आरंभिल्याने कीर्ती मिळते. दुसऱ्याने आरंभिलेले निष्ठेने पूर्ण करण्यास मात्र वेगळ्याच प्रकारचा मोठेपणा लागतो. अस्कुना यांच्या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीचे मर्म याच मोठेपणात आहे.