पावसाळ्यात विजेच्या मोटारीचे चार्जिंग : धोका मोटारीत नव्हे, भिंतीत

सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा खेड्यात विजेचा दिवा हेच नवल होते. आज सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावांत विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर शेतकरी बंधूंच्या मनात साहजिकच शंका येते, की पावसात मोटार चार्ज करावी की नाही?

मोटार व तिचा चार्जर पाऊस गृहीत धरूनच बनविलेले असतात. प्लग मोटारीत पक्का बसून चार्जर व मोटार यांचा परस्परांशी संकेत जुळल्यावाचून त्यातून वीज वाहत नाही. खरा धोका असतो तो घरच्या जुन्या तारांत, ओल आलेल्या भिंतीत आणि सदोष अर्थिंगमध्ये.

घरगुती चार्जर सुमारे ३ किलोवॅट वीज घेतो. म्हणजे चार अश्वशक्तीचा पंप आठ-दहा तास अखंड चालविण्यासारखेच हे आहे. दिव्याच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर एवढा भार टाकू नये. तारा तापून आग लागते. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट मीटरपासून स्वतंत्र तार ओढून परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे.

अर्थिंग नसल्यास पुष्कळसे चार्जर लाल दिवा दाखवून चालण्याचे नाकारतात. अशा वेळी सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ एकमेकांस जोडून चार्जर चालू करण्याची युक्ती काही जण योजतात. ही युक्ती जिवावर बेतणारी आहे. वादळात न्यूट्रलची तार तुटली, तर मोटारीच्या संपूर्ण लोखंडी सांगाड्यात वीज उतरते आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस तिला स्पर्श करताच प्राणास मुकू शकतो. लाल दिवा हा अडथळा नसून इशारा आहे. जत, आटपाडीकडील कोरड्या मुरमाड जमिनीत अर्थिंग विशेष क्षीण पडते. तेथे ते दरवर्षी तपासून घ्यावे.

याखेरीज ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. साधा एमसीबी तारांचे रक्षण करतो. गळणारी वीज ओळखून माणसाला वाचवितो तो आरसीसीबी. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबूनही तो तुटला नाही, तर तो निकामी समजावा.

चार्ज करताना पुढील नियम पाळावेत :

१. चार्जरची पेटी जमिनीवर न ठेवता आडोशाला भिंतीवर टांगावी. केबल सॉकेटखाली झोळासारखी सैल सोडावी, म्हणजे पाणी सॉकेटात न शिरता खाली गळते.

२. हात कोरडे व पायांत वहाणा असाव्यात. प्लगचे तोंड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

३. विजा कडाडू लागण्यापूर्वीच चार्जिंग थांबवून प्लग काढून ठेवावा.

४. शेतातील पंपाच्या उघड्या पेटीतून मोटार कदापि चार्ज करू नये.

कृष्णाकाठच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते. पुराचा इशारा मिळताच मोटार चार्ज करून उंचावर न्यावी. पुरात बुडालेली मोटार वरून कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नये व चालूही करू नये. बॅटरीत पाणी शिरले असल्यास ती काही दिवसांनंतरही पेट घेऊ शकते. अशी मोटार घर, गोठा व कडब्याची गंजी यांपासून किमान ५० फूट दूर ठेवून कंपनीच्या तंत्रज्ञास बोलवावे.

कोणास विजेचा धक्का बसल्यास त्यास हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करावा. गावातील तार तुटल्यास १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीस कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी आपल्या गावातील अशा प्रत्येक घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग आणि आरसीसीबी. ही पाहणी अर्ध्या तासाची आहे. पण तीत हयगय झाली, तर त्याची भरपाई कशानेही होणार नाही.