शादीच्या फिल्मचा बिट रेट किती ठेवावा?

नांदेड-लातूरकडे शूटिंग-मिक्सिंगचा धंदा करणारे आपले बरेच बांधव आहेत. कॅमेऱ्यावर मोठी रक्कम घालूनही रेंडर करताना बिट रेटकडे मात्र दुर्लक्ष होते. आम्हीही हे भोगले आहे. दोन तासांची फिल्म भारी दिसावी म्हणून मोठा आकडा टाकला आणि फाईल गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये जाईना. बाकीचे पैसे महिनाभर अडकले.

बिट रेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्रावर खर्च होणारा डेटा. व्हीसीडीच्या काळात तो सुमारे १.१५ मेगाबिट ठरलेलाच होता, डीव्हीडीत चित्राला ९.८ मेगाबिटची मर्यादा होती. पेनड्राइव्हला असे बंधन नाही, म्हणून आकडा आपणच ठरवायचा.

हिशेब सोपा आहे. मेगाबिटच्या आकड्याला ४५० ने गुणा. एका तासाच्या फाईलचे मेगाबाइट मिळतात. ८ मेगाबिटला तासाचे ३६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. दोन तासांचे ७.२ जीबी झाले. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यात ४ जीबीची एक फाईल मावत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. आमची गाडी इथेच अडली होती. एक्सफॅट केले तर फाईल जाते, पण घरचा जुना टीव्ही ते वाचेलच असे नाही. त्यापेक्षा तासातासाचे दोन भाग करावेत.

फुल एचडी, २५ फ्रेमच्या फिल्मला एच.२६४ मध्ये ८ मेगाबिट साधारण पुरतात. निकाहाच्या वेळी कॅमेरा स्थिर, माणसे बसलेली. तिथे कमीतही भागते. पण जरीचा दुपट्टा, उधळलेली फुले, वरातीतले लखलखते दिवे आले की चित्रात चौकोन पडू लागतात. त्यासाठी व्हीबीआर, टू-पास निवडावे. वेळ जास्त लागतो, पण यंत्र सोप्या जागी वाचवून अवघड जागी खर्च करते. एच.२६५ मध्ये जवळपास निम्म्या आकड्यात तसेच चित्र मिळते. मात्र जुन्या टीव्हीवर ते चालत नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

कॅमेऱ्याने २४ मेगाबिटला टिपलेले ५० ला रेंडर केले, तर फाईल फुगते, चित्र सुधारत नाही. काहीजण गिऱ्हाइकाला हाच मोठा आकडा दाखवून जादा पैसे घेतात, ते आम्हाला पटत नाही.

हैदराबादच्या किंवा आखातातल्या नातेवाइकांना फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली की ते स्वतःच ती दाबून लहान करते. २०२२ पासून डॉक्युमेंटला २ जीबीची मर्यादा आहे, म्हणजे तासाभराच्या फिल्मला आवाजासह ४ मेगाबिट धरा.