रविवारची मिस्सा आणि सोमवारची मजुरी

भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की शहापूर तालुक्यातील किन्हवली परिसरातून व शेजारच्या मुरबाड तालुक्यातून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लहान लेकरे असा सारा संसार टेम्पोत चढतो. भिवंडी, कल्याण, वसई या भागांतील भट्ट्यांवर त्यांचा मुक्काम पुढील पावसापर्यंत असतो. पावसाळ्यातील अडचणीच्या दिवसांत घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडायची, आठवड्याच्या खर्चीवर पोट भरायचे आणि हंगाम संपताना मालक सांगेल तो हिशेब मान्य करायचा, असा हा व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालतो. वेठबिगारी पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे. पण उचलीच्या फासातून अनेकांची सुटका आजही झालेली नाही.

धर्मप्रांताच्या पानावर वीटभट्टीचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या घरांच्या भिंती या विटांच्याच आहेत. आपल्यापैकी कोणी बांधकामाचे ठेकेदार आहेत, कोणाच्या वाडीत मजूर राबतात, कोणाच्या घरी धुणीभांडी करणारी बाई येते. रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारणारा हात सोमवारी मजुरी मोजतो. हे दोन हात एकाच माणसाचे आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हेच दुखणे नेमके ओळखले. मुखाने कबूल केलेली श्रद्धा आणि रोजचे जगणे यांतील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक आहे, असे परिषदेने बजावले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली प्रापंचिकांसंबंधीच्या आपल्या पत्रात हा विचार पुढे नेला. एकीकडे आध्यात्मिक जीवन आणि दुसरीकडे कुटुंब, नोकरी, समाजकारण, अशी दोन समांतर जीवने ख्रिस्ती माणसाला जगता येत नाहीत, ही त्यांची शिकवण आहे.

मजुरीबाबत तर पवित्र शास्त्र अगदी स्पष्ट आहे. मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असा लेवीय ग्रंथाचा दंडक आहे. शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोब सांगतो. कॅथलिक धर्मशिकवणीत स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांची जी यादी आहे, तिच्यात खुनाच्या जोडीने मजुरावरील अन्यायाचाही समावेश आहे. आपण पापनिवेदनात प्रार्थना चुकल्याचे सांगतो; थकविलेल्या मजुरीचे किती जण सांगतात?

जक्कयाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो उंबराच्या झाडावर चढला, एवढेच लहान मुलांना आठवते. प्रभू येशू त्याच्या घरी आला तेव्हा जक्कयाने फक्त पाहुणचार केला नाही. त्याने आपल्या हिशेबाला हात घातला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसविलेल्यांना चौपट परतफेड, असा शब्द त्याने दिला. तारण त्याच्या घरात आले ते त्याच्या व्यवहारालाही शिवून गेले.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही असेच एकसंध जीवन जगले. जेझुइटांच्या शाळेत शिकलेला हा तरुण जपानला गेला, तेथील भाषा शिकला, धर्मशिक्षणाच्या कार्यात राबला, पुढे व्यापारी झाला. मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर १५९३ साली तो पुन्हा जपानला गेला, तेव्हा तीच भाषा दुभाषाच्या कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले. मेहनतीने मिळविलेले कौशल्य त्यांनी देवाच्या कामापासून वेगळे ठेवले नाही.

हाच नियम पाण्यालाही लागू होतो. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण व त्यानंतरचे भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. दोन्ही मुंबईची तहान भागवितात. आणि त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरातील ख्रिस्ती कुटुंबाने नळ उघडा टाकणे ही केवळ वाईट सवय नव्हे, तो शेजाऱ्याच्या घागरीशी निगडित प्रश्न आहे.

तेव्हा आम्ही वाचकांना, आणि स्वतःलाही, काही प्रश्न विचारू इच्छितो. आपल्याकडे काम करणाऱ्याला ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी मिळते काय? त्याचा हिशेब त्याला समजेल अशा रीतीने लिहिलेला असतो काय? घर बांधताना विटेचा भाव आपण विचारतो, तसे ती थापणाऱ्याला काय मिळाले हेही विचारतो काय? भट्टीवरील मुले शाळेत जातात काय? विधायक संसदेने अशा मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या; आपल्या धर्मग्रामातील शिक्षकांना आणि युवकांना त्यापासून शिकण्यासारखे बरेच आहे.

भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आहे. तो भाऊ कदाचित किन्हवलीजवळच्या एखाद्या पाड्यावर राहत असेल आणि आपल्या भिंतीतील विटेवर त्याच्या बोटांचा ठसा असेल. येत्या रविवारी मिस्साबलीला निघण्यापूर्वी कोणाचे देणे राहिले असेल, तर ते शनिवारीच चुकते करू या.