घरातील लघुचित्रगृह : व्हिडिओ स्विचची निवड आणि स्पीकरांचा मेळ



मार्केट यार्ड आणि कात्रजच्या टेकड्या यांच्यामध्ये वसलेल्या बिबवेवाडीतील गृहनिर्माण सोसायट्यांत आज मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. संचासोबत सेट-टॉप बॉक्स येतो, डीव्हीडी प्लेअर जुनाच असतो, इंटरनेटवरील चित्रपट दाखवणारी छोटी कांडी मुले आणतात आणि कोणीतरी स्पीकरांचा एखादा संच भेट देतो. एवढे सगळे जमल्यावर मात्र घरात एक विचित्र अडचण उभी राहते. चित्र सुरेख दिसते, पण संवाद कळत नाहीत. आवाज वाढवावा तर गाण्याच्या वेळी घर दणाणते. कमी करावा तर आजी-आजोबांना बोलणे ऐकू येत नाही आणि ते हळूहळू उठून आत जाऊन बसतात. सन २०२० च्या टाळेबंदीत मिस्साही याच पडद्यावर पाहावी लागली, तेव्हा ही उणीव अनेक घरांना विशेष जाणवली.

हा दोष बहुधा वस्तूंच्या किमतीचा नसतो, जुळणीचा असतो. म्हणून कोणती वस्तू कशासाठी असते, ती कशी जोडावी आणि कोणता खर्च टाळावा, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

एका स्पीकरपासून सहापर्यंत

पुण्याला चित्रपटाचा वारसा जुना आहे. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली. तिचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा चित्रपट येथेच घडला. प्रभातच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात झाली. त्या काळातील चित्रपटांचा ध्वनी एकाच मार्गाने, पडद्यामागच्या स्पीकरमधून येत असे. घरात दूरचित्रवाणी आली तीही एकाच स्पीकरसह. मुंबईत १९७२ साली दूरदर्शन सुरू झाले व त्यानंतर ते पुण्यात पोहोचले.

पुढे १९९२ पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल पद्धत आली आणि काही वर्षांनी डीव्हीडीच्या रूपाने तीच घरात शिरली. हिलाच ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. पाच मुख्य स्पीकर, म्हणजे समोर डावा, मधला व उजवा आणि बाजूंना दोन. शिवाय खर्ज स्वरांसाठी वेगळा सबवूफर, असा तिचा अर्थ. यांत मधल्या स्पीकरचे काम वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. चित्रपटातील बहुतेक सर्व संवाद त्याच्याकडेच पाठवलेले असतात.

व्हिडिओ स्विच : अनेक वाटा, एक दार

उपकरणे चार आणि संचाला एचडीएमआय जागा दोन, अशी स्थिती असली की स्विच लागतो. स्विच म्हणजे अनेक उपकरणांचे सिग्नल घेऊन त्यांतील एकच पुढे पाठवणारी पेटी. याच्या अगदी उलट काम करणाऱ्या पेटीला स्प्लिटर म्हणतात. ती एका उपकरणाचे चित्र अनेक पडद्यांना वाटते. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या असल्याने खरेदीत गफलत होते. दुकानात नाव विचारण्यापेक्षा ‘तीन उपकरणे आणि एक टीव्ही’ असे काम सांगावे.

एचडीएमआय जोडणीचे पहिले मानक २००२ च्या अखेरीस निघाले. तेव्हापासून तिची क्षमता वाढत गेली : २०१३ च्या २.० आवृत्तीत सेकंदाला १८ गिगाबिट, तर २०१७ च्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिट. या जोडणीत दोन्ही टोकांची उपकरणे चित्र दाखवण्यापूर्वी एकमेकांची ओळख पटवून घेतात. ‘तुला कोणते चित्र दाखवता येते?’ हा पहिला प्रश्न आणि ‘नक्कल न करण्याचे कुलूप तुझ्याकडे आहे का?’ हा दुसरा. या कुलपाला एचडीसीपी म्हणतात. बहुतेक फोर-के चित्रपटांना त्याची २.२ ही आवृत्ती लागते. साखळीतील एकही दुवा जुना असला, तर पडदा काळा राहतो किंवा चित्र कमी प्रतीचे उमटते. संच नवा, कांडी नवी आणि मधला स्विच जुना, अशा घरात दोष संचाचा नसतो, हे यावरून उमजेल.

स्विच घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. त्यावर फोर-के व एचडीसीपी २.२ यांचा स्पष्ट उल्लेख असावा. त्याला स्वतंत्र वीजपुरवठा असल्यास उत्तम. बिनविजेचे स्विच लांब केबलवर अडखळतात. रिमोट असावा, अन्यथा घरातील ज्येष्ठांना दर वेळी उठून बटण दाबावे लागते. आणि साधी एचडीएमआय केबल शक्यतो पाच मीटरच्या आत ठेवावी.

परंतु स्विच घेण्याआधी स्वतःच्या घरातील रिसीव्हरची पाठ पाहावी. रिसीव्हर म्हणजे स्पीकरांना शक्ती पुरवणारी मुख्य पेटी. तिच्यात एचडीएमआयच्या चार-पाच जागा असतील तर तीच स्विचचे काम करते आणि वेगळा खर्च वाचतो. जोडणी दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार, नव्या रिसीव्हरचा : सर्व उपकरणे रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीला. ही केबल दोन्ही बाजूंच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेल्या जागांत लावावी. मग टीव्हीच्या स्वतःच्या कार्यक्रमांचा आवाजही त्याच केबलने उलट रिसीव्हरकडे येतो.

दुसरा प्रकार, एचडीएमआय नसलेल्या जुन्या रिसीव्हरचा : सर्व उपकरणे स्विचला, स्विच टीव्हीला आणि टीव्हीची ऑप्टिकल केबल रिसीव्हरला. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटलचा सहा मार्गांचा ध्वनी जाऊ शकतो. मात्र टीव्हीच्या ध्वनिविषयक पर्यायांत तो निवडावा लागतो आणि बाहेरच्या उपकरणांचा असा ध्वनी आपला संच पुढे देतो की नाही, याची खात्री करून घ्यावी. जुना रिसीव्हर केवळ एचडीएमआय नाही म्हणून भंगारात टाकण्याचे कारण नाही.

येथे एक कळकळीची सूचना. विवाह, बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन यांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट अनेकांच्या कपाटात आहेत. त्यांच्या प्लेअरची पिवळी, लाल व पांढरी पिन एचडीएमआय स्विचमध्ये बसत नाही. वेगळा कन्व्हर्टर लागतो. शिवाय व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबवले. कॅसेटची फीत वर्षागणिक क्षीण होते आणि पुण्यातील पावसाळी ओलाव्यात तिला बुरशीही लागते. तेव्हा या कॅसेट डिजिटल स्वरूपात उतरवून घेण्याचे काम नव्या स्पीकरांच्या खरेदीपूर्वी करावे. स्पीकर पुढच्या वर्षीही मिळतील. त्या फितींवरील माणसे मात्र पुन्हा मिळणार नाहीत.

स्पीकर जुळणे म्हणजे काय?

स्पीकरांचा मेळ तीन गोष्टींत पाहावा लागतो.

पहिला मेळ आवाजाच्या पोताचा. पडद्यावरील माणूस डावीकडून उजवीकडे बोलत चालत गेला, तर त्याचा आवाज तोच राहिला पाहिजे. डावा स्पीकर एका कंपनीचा, मधला दुसऱ्या आणि उजवा तिसऱ्या कंपनीचा असेल, तर तोच माणूस तीन घशांनी बोलल्यासारखा वाटतो. म्हणून समोरचे तीन स्पीकर एकाच कंपनीचे व शक्यतो एकाच मालिकेतील असावेत. बाजूच्या दोघांत थोडा फरक चालतो आणि सबवूफर कोणत्याही कंपनीचा चालतो, कारण ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे उमजत नाही.

दुसरा मेळ विद्युत रोधाचा. स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा असतो आणि रिसीव्हरवर त्याला चालणारी किमान मर्यादा लिहिलेली असते. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी समांतर जोडले, तर एकूण रोध ४ ओहम होतो व रिसीव्हरमधून दुप्पट विद्युत प्रवाह खेचला जातो. ‘एक जास्तीचा स्पीकर स्वयंपाकघरात लावू’ अशा हौसेपायी चांगली पेटी तापून निकामी होऊ शकते.

तिसरा मेळ संवेदनक्षमतेचा. एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती मोठा आवाज देतो, हे डेसिबलमध्ये दिलेले असते. एक स्पीकर ८५ डेसिबलचा व दुसरा ९१ चा असेल, तर दोघांचा आवाज समान ठेवण्यासाठी पहिल्याला चौपट शक्ती लागते. हा फरक काही अंशी रिसीव्हरमधून भरून काढता येतो, पण अतिरेक झाल्यास दुबळा स्पीकर फाटका आवाज करू लागतो.

संपूर्ण संच घेणे परवडत नसेल, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम समोरचे तीन जुळणारे स्पीकर, नंतर सबवूफर आणि शेवटी बाजूचे दोन. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत खरेदीस जाताना आपल्या रिसीव्हरचे नाव, ओहमचा आकडा आणि खोलीचे माप कागदावर लिहून न्यावे. दुकानातील मोठ्या आवाजावर न भाळता, केवळ बोलण्याची एखादी बातमी किंवा नाट्यप्रवेश हळू आवाजात ऐकून निर्णय घ्यावा.

खोलीतील मांडणी

दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब असा दिवाणखाना धरू. टीव्ही दहा फुटांच्या भिंतीवर असेल, तर दोन्ही कोपऱ्यांपासून एकेक फूट सोडून डावा व उजवा स्पीकर ठेवावा. त्यांच्यातील अंतर आठ फूट झाले. बैठकही प्रत्येकापासून आठ फुटांवर असावी, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली, किंचित वर वळवून, कानाच्या दिशेने ठेवावा. त्याला शोकेसच्या बंद कप्प्यात कोंडू नये. बाजूचे स्पीकर बैठकीच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे आणि बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा सुमारे दोन फूट उंच असावेत.

तारेचा लाल टोक लालला व काळा काळ्याला, हा नियम सर्व स्पीकरांना सारखाच पाळावा. एखादा उलटा जोडला गेला, तर खर्ज गळून जातो आणि आवाज पोकळ वाटतो.

त्यानंतर रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचे अंतर सांगावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद. जवळचा स्पीकर आधी व दूरचा नंतर ऐकू येऊ नये, म्हणून रिसीव्हर जवळच्याला तेवढा वेळ थांबवतो. शेवटी त्याच्या चाचणीच्या आवाजाने सर्व स्पीकर बैठकीच्या जागी समान ऐकू येतील असे करावे. घरात वयस्कर मंडळी असतील, तर मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवावा.

यामागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. बोलण्यातील स्वरांत जोर असतो, पण शब्दांचा उलगडा व्यंजनांवर अवलंबून असतो. स, त, क, फ यांसारखी व्यंजने क्षीण आणि उच्च कंपनसंख्येची असतात. वयोमानानुसार कानाची शक्ती प्रथम नेमकी तेथेच घटते. म्हणूनच आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ त्यावर एकूण आवाज वाढवणे हा इलाज नव्हे. गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती ध्वनी परतवून शब्द अधिकच धूसर करतात. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ असे कृत्रिम घुमाराचे पर्याय बंद ठेवावेत. प्रभातकालीन जुने चित्रपट पाहताना तर केवळ मधल्या स्पीकरमधून येणारा आवाजच सर्वांत स्वच्छ लागतो.

शेजार आणि वीज

सोसायटीत आपली भिंत शेजाऱ्याचीही भिंत असते. खर्ज आवाज स्लॅबमधून सहज प्रवास करतो. सबवूफरखाली जाड रबर अथवा फोम ठेवावा आणि रात्री रिसीव्हरचा ‘नाइट’ पर्याय वापरावा. त्याने मोठे आवाज दबतात व संवाद तसेच राहतात. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खालच्या मजल्यावर परीक्षेचा विद्यार्थी किंवा आजारी माणूस असेल, तर नियमाच्याही आधी विचारपूस करावी.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा आणि छतावरून येणारी केबल किंवा डिशची तारही सेट-टॉप बॉक्सपासून सोडवावी, कारण विजेचा झटका त्या तारेने येऊन एचडीएमआयच्या वाटेने सर्व उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. घराचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर कोणत्या उपकरणासाठी कोणते बटण, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून रिमोटजवळ चिकटवावे. नंतर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला नेहमीच्या जागी बसवून एखादा संवाद ऐकवावा आणि तिला शब्द कळले का, हे विचारावे. ती ‘हो’ म्हणाली, की जुळणी झाली असे समजावे.